घड्याळजींनी दिलेला सेकंद

क्लबची ही शाखा पन्नास वर्षं एका चुकीवर उभी होती. चूक इतकी भक्कम होती की तिच्यावर एक रक्तपेढी, एक चष्म्याचं केंद्र आणि कृत्रिम पायांची एक कार्यशाळा असा सगळा डोलारा निवांत उभा राहिला होता आणि कुठे साधी चीरही पडली नव्हती.

चूक अशी. क्लब मुळात परदेशातला. माणसांनी आठवड्यातून एकदा भेटावं, चहा प्यावा आणि कुणाचं तरी भलं करावं, एवढाच त्याचा हेतू. पण हेतू साधा असला की नियम फार लागतात. मुख्यालयाकडून एकशे बारा नियमांचं पुस्तक आलं, ते इंग्रजीत. मराठीत आणायचं काम ड्रॉइंगच्या मास्तरांच्या गळ्यात पडलं, कारण संस्थापकांमध्ये शब्दकोश फक्त त्यांच्याकडे होता. मास्तरांनी दोन सुट्ट्यांत पुस्तक हातावेगळं केलं. त्यातला नववा नियम असा होता की, कुणी ठराव मांडला की दुसऱ्या एखाद्या सभासदानं त्याला अनुमोदन द्यावं, त्याशिवाय ठराव धरू नये. इंग्रजीत अनुमोदनाला आणि सेकंदाला शब्द एकच आहे. हा दोष इंग्रजीचा, मास्तरांचा नव्हे. मास्तरांनी कोश उघडला, 'मिनिटाचा साठावा भाग' असं वाचलं आणि त्यांच्या त्या देखण्या अक्षरात लिहिलं : 'प्रत्येक ठरावास एक सेकंद देण्यात यावा. सेकंदावाचून ठराव ग्राह्य धरू नये.'

शंका कुणालाच आली नाही. उलट सगळे भारावून गेले. ठराव मांडल्यावर सर्वांनी एक सेकंद गप्प बसायचं, म्हणजे किती खोल विचार. अडचण एकच होती, सेकंद मोजायचा कुणी. पहिल्या सभेत औषधवाल्यांनी मनातल्या मनात मोजून 'झाला' म्हटलं, तर वकिलांनी हरकत घेतली की हा फार तर पाऊण भरेल. वकील तेव्हा नवेच होते, पण हरकत घेण्यात तेव्हाही मुरलेले होते. पुढे त्यांचं नावच हरकतवकील पडलं. तासभर वाद झाला. तासाभरात तीन हजार सहाशे सेकंद असतात, पण त्यातला एकही ठरावाला मिळेना. शेवटी कुणीतरी जिना उतरून समोरच्या गल्लीतल्या घड्याळजींना बोलावून आणलं.

घड्याळजी चोवीस वर्षांचे होते आणि गावात स्टॉपवॉच फक्त त्यांच्याकडे होतं. ते मागच्या दाराजवळच्या खुर्चीवर टेकले. ठराव वाचला गेला. त्यांनी कळ दाबली, मान खाली घालून काट्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "झाला."

वकिलांनाही त्यात काही खोट काढता आली नाही. तेव्हापासून सहाशे बारा ठराव झाले आणि प्रत्येकाच्या खाली सभावृत्तांतात तेच एक वाक्य आलं : 'घड्याळजींनी सेकंद दिला. ठराव मंजूर.'

या घड्याळजींचा भाचा सव्वीस वर्षांचा होता आणि भाषांतरावर पोट भरत होता. म्हणजे धुलाईयंत्राबरोबर जी पुस्तिका येते आणि जी कुणी वाचत नाही, ती मराठीत कुणी न वाचावी अशी व्यवस्था तो करत असे. शब्दाशब्दाला अडायची त्याला खोड होती. 'यंत्र चालू असताना आत डोकावू नये' या वाक्यातला 'आत' हवा की नको, यावर त्यानं एक अख्खी दुपार घालवली होती. वडील लवकर गेल्यामुळे तो मामाकडेच वाढला होता. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. त्यात आई, मामा, तो आणि दुरुस्तीला आलेली साठएक घड्याळं. ती सगळी वेगवेगळी वेळ दाखवत, त्यामुळे त्या घरात कुणाला उशीर झाला असं कधी सिद्ध करता येत नसे.

क्लबशी त्याचं नातं जन्माच्या आधीपासूनचं. त्याच्या जन्माच्या वेळी आईला रक्त लागलं आणि क्लबनं भर सभेत ठराव करून ते दिलं. ठराव क्रमांक दोनशे सत्त्याण्णव. लहानपणी त्यानं पसारा केला की आई म्हणे, "दोनशे सत्त्याण्णव, ते उचला आधी."

त्यामुळे शाखेला पन्नास वर्षं होताना मुख्यालयाचं पत्र आलं, तसे औषधवाले थेट त्याच्याकडेच आले. ते आता शाखेचे अध्यक्ष होते. क्लबची खोली त्यांच्याच दुकानाच्या माडीवर होती आणि 'वर सभा, खाली खोकल्याचं औषध' अशी त्यांची दिनचर्या होती. पत्रात म्हटलं होतं की शाखेनं आपला सगळा इतिहास इंग्रजीत लिहून पाठवावा. तो नियमात बसला तर पुढच्या पन्नास वर्षांची सनद. नाही बसला तर शाखा बंद आणि सभासदांनी नदीपलीकडच्या शाखेत सामील व्हावं. नदीपलीकडची शाखा एका चाकाच्या खुर्चीचं वाटप करायला तीन दिवसांचा सोहळा करत असे. तिथे जाण्यापेक्षा रक्तपेढीत बाटल्या धुवू, असं सगळ्यांचं मत होतं.

भाच्यानं आनंदानं काम घेतलं. अकरा वृत्तांतवह्या होत्या. वाचता वाचता त्याला कळेना की हसावं की हात जोडावेत. परदेशातल्या एका थंड शहरातल्या शाखेनं प्रेमानं लोकरीचे दोनशे हातमोजे विणून पाठवले, ते सगळे डाव्या हाताचे. त्यावर तीन सभा झाल्या. अखेर चिटणीस सिस्टरबाईंनी एक हातमोजा उलटा करून उजव्या हातात घालून दाखवला आणि प्रश्न मिटला. शाळेतल्या मुलांचे डोळे तपासले, तेव्हा एका वर्गातल्या सर्वांत ढ मुलीला चष्मा मिळाला. घरी जाऊन तिनं आईला सांगितलं की झाडाला सुटी सुटी पानं असतात. हे वृत्तांतात नोंदवलं होतं. पुढे 'सेकंद दिला' असंही होतं, म्हणजे पानांचाही ठराव झाला असावा.

चाळीसएक पानं सुरळीत गेली. 'घड्याळजींनी सेकंद दिला' याचं इंग्रजी तो प्रत्येक वेळी सरळ करत होता आणि ते इतकं चपखल येत होतं की त्याला संशय आला. त्याच्या अनुभवात भाषांतर इतकं बरोबर कधीच येत नसे. मग मुख्यालयाच्या तक्त्यात एक रकाना निघाला : अनुमोदकाचा सभासद क्रमांक. त्यानं मामांचा क्रमांक शोधला. नव्हता. मूळ इंग्रजी पुस्तक मागवलं, नववा नियम वाचला आणि तो बराच वेळ टेबलावर डोकं टेकून बसला.

सहाशे बारा ठरावांना अनुमोदनच नव्हतं. वरवर पाहता होतं, इंग्रजीत तर अगदी ठणठणीत होतं. पण ते दिलं होतं ते सभासद नसलेल्या माणसानं, आणि त्याला वाटत होतं की आपण वेळ मोजतोय.

त्यानं औषधवाल्यांना सांगितलं. औषधवाल्यांनी आधी स्वतःच्याच दुकानातली एक गोळी घेतली आणि मग तातडीची सभा बोलावली. मामांना मुद्दाम कळवलं नाही. त्यामुळे त्या सभेत एकही ठराव करता आला नाही, पण चर्चा कडाक्याची झाली.

हरकतवकिलांचं म्हणणं होतं की ठराव मुळातच अवैध असतील तर त्याखाली झालेलं सगळं कायद्यानं उलटं फिरवावं लागेल. म्हणजे चष्मे परत, पाय परत, रक्त परत. सिस्टरबाईंनी विचारलं, रक्त कसं परत घेणार. वकील म्हणाले, हा अंमलबजावणीचा प्रश्न आहे, कायद्याचा नाही. मग त्यांचं लक्ष कोपऱ्यात वह्या घेऊन बसलेल्या भाच्याकडे गेलं आणि त्यांनी चष्मा पुसला.

"यांचंही काय करायचं ते बघावं लागेल," ते म्हणाले. "हे दोनशे सत्त्याण्णव आहेत."

भाच्यानं विचारलं की आपल्याला कुठे जमा व्हायचं असतं. वकील म्हणाले, बघून सांगतो.

मार्गही त्यांनीच काढला, आणि तो त्यांच्याच स्वभावातून निघाला. नियम अठ्ठावीस असा की सभासद नसलेल्या माणसाला सभेत बोलता येत नाही. बोलल्यास हरकत घ्यावी. वकील म्हणाले, मी या खोलीत पंख्याच्या आवाजाला हरकत घेतलीय, पडद्याच्या रंगाला घेतलीय, एकदा स्वतःच्याच भाषणाला घेतलीय. घड्याळजी सहाशे बारा वेळा बोलले. माझी एक तरी हरकत दाखवा. भाच्यानं अकराही वह्या चाळल्या. चौदाशे तीन हरकती सापडल्या, पण मामांवर एकही नव्हती. वकील म्हणाले, यावरून सिद्ध होतं की पहिल्या दिवसापासून मी त्यांना सभासद समजत होतो, आणि मी समजत होतो म्हणजे ते होते. फक्त त्यांचा अर्ज भरायचा राहिलाय. कामकाजातली चूक आहे, ती कधीही दुरुस्त करता येते. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पुढच्या रविवारी मुख्यालयाच्या वतीनं प्रांतपालबाई तपासणीला यायच्या होत्या. तेवढ्यात मामांची अर्जावर सही झाली की सनद आपली.

वकिलांनी मजकूर घालून दिलेला अर्ज घेऊन भाचा दुकानात गेला. मामा डोळ्याला भिंग लावून एका मनगटी घड्याळाच्या पोटात चिमटा घालून बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. नववा नियम दोनदा वाचायला लावला. भाच्याला वाटलं होतं हसतील, निदान मास्तरांना दोन शब्द बोलतील. पण मामांनी भिंग काढलं आणि अर्ज परत सरकवला.

"मी सही करणार नाही."

"अहो मामा, सही नाही केली तर शाखा जाईल."

"जाईल. पण यात लिहिलंय की प्रत्येक ठरावाला मी नियमानुसार सेकंद दिला. तसा दिलेला नाही."

"सेकंद नव्हताच तो. अनुमोदन होतं."

"तुमच्या लेखी. मी सेकंदच देत होतो." मामांनी पुन्हा भिंग लावलं. "एकदा कमी दिला. काय ते मी रविवारी तिथेच सांगीन."

याहून जास्त ते बोलले नाहीत. भाच्यानं आईला मध्ये घातलं. आई म्हणाली, तुझ्या मामांनी एकदा गिऱ्हाइकाला दोन मिनिटं पुढे असलेलं घड्याळ दिलं होतं, तर ते परत घ्यायला पुढच्या स्टेशनापर्यंत गेले होते, त्यांना मी काय सांगू. मग थोड्या वेळानं म्हणाली, रविवारी मीही येते. आठवडाभर घरात कुणी फारसं बोललं नाही. साठ घड्याळं तेवढी बोलत होती. सहाशे बारा ठराव एका सहीला टांगलेले, आणि सही करणारा माणूस एका सेकंदाला अडलेला. भाच्यानं भाषांतर पुरं केलं. शेवटचा रकाना कोरा ठेवला. खोटा क्रमांक टाकायचा विचार त्याच्या मनात आला होता, पण तो ज्या घरात वाढला होता तिथे ते जमण्यासारखं नव्हतं.

रविवारी दुपारी खोली भरली. प्रांतपालबाई दातांच्या डॉक्टर होत्या. समोरच्यानं तोंड उघडलं की आधी आत बघायची त्यांना सवय होती, त्यामुळे सगळे जपून बोलत होते. भाच्यानं सगळी हकिकत जशी होती तशी सांगितली. नववा नियम, मास्तर, स्टॉपवॉच, अठ्ठावीसवा नियम, चौदाशे तीन हरकती. बाईंनी मूळ पुस्तक पाहिलं, वह्या पाहिल्या, वकिलांकडे नीट निरखून पाहिलं आणि म्हणाल्या की एखादा माणूस पन्नास वर्षं सभेला येतो आणि त्याला कुणी सभासद करून घेत नाही, याची लाज त्याला नाही, शाखेला वाटली पाहिजे. अर्ज भरा आणि मोकळे व्हा. आपल्याला काही आक्षेप नाही.

मग सगळे मागच्या दाराजवळच्या खुर्चीकडे वळले. मामा उठून उभे राहिले. या खोलीत एका शब्दापेक्षा जास्त बोलायची त्यांची ही पहिलीच वेळ होती. सुरुवात कशी करायची हेच त्यांना माहीत नसावं, म्हणून त्यांनी एकदम मधूनच सुरुवात केली.

"दोनशे सत्त्याण्णव," ते म्हणाले. "खालच्या दुकानात फोन आला होता. माझ्या बहिणीला रक्त पाहिजे म्हणून. तुमची सभा चालू होती. तेव्हाच्या अध्यक्षांनी ठराव वाचायला घेतला. मी कळ दाबली. काटा अर्ध्यावर आला आणि मला धीर धरवेना. मी 'झाला' म्हणालो. झाला नव्हता. अर्धाच झाला होता. आणि तसाच मान खाली घालून मागच्या दारानं दवाखान्याकडे पळालो. तुमच्या तोंडाकडे बघायची हिंमत नव्हती. तुम्ही विश्वासानं बसवलं होतं मला, आणि घरच्या माणसाची वेळ आल्यावर मी माप मारलं. तुम्ही त्या अर्ध्या सेकंदावर रक्त दिलंत. त्या दिवसापासून या क्लबचे उपकार माझ्यावर आहेत, आणि ते मी फसवून घेतलेत. म्हणून सही करता येत नाही."

आई भिंतीकडच्या बाकावर बसली होती. ती अगदी हळू म्हणाली, "दादा, सव्वीस वर्षं हे पोटात ठेवलंत?"

पुढे बोलले ते औषधवाले, आणि तेही चाचरत.

"घड्याळजी, तुम्ही 'झाला' म्हणालात, तेव्हा मान वर केली होती का?"

"नाही म्हटलं ना."

"मग तुम्हाला कसं कळणार," औषधवाले म्हणाले. "खोलीत कुणी नव्हतं."

मामा परत खुर्चीवर टेकले.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तेव्हाच्या अध्यक्षांनी 'ठराव मांडतो की' एवढंच म्हटलं होतं. 'की'च्या पुढे काय होतं ते कुणीच ऐकलं नाही. खालून आलेल्या फोनच्या निरोपातलं 'घड्याळजींची बहीण' एवढं कानावर पडताच अकरा माणसं पुढच्या जिन्याकडे धावली होती. दोन खुर्च्या पडल्या, एकाचा जोडा तिथेच राहिला. स्वतः अध्यक्ष ठरावाचा कागद हातात घेऊन जिन्यात होते. मामांनी ज्या खोलीत 'झाला' म्हटलं, तिथे पंखा फिरत होता आणि अकरा कप चहा निवत होता.

सिस्टरबाई त्या दिवशी दवाखान्यात कामावर होत्या. त्या म्हणाल्या, सगळ्यांत आधी दवाखान्याचा जिना चढून आले ते वकील, बाही आधीच वर केलेली. सुई पाहून त्यांनी हरकत घेतली, ती मी तोंडीच फेटाळली. मग त्यांनी दुसरीकडे बघत हात पुढे केला. गट जुळला चौघांचा, त्यात तेही होते.

भाच्यानं वकिलांकडे पाहिलं. त्याच्या नसांमध्ये जन्मापासून शब्दाशब्दाला अडणारं जे काही वाहत होतं, त्याचा उगम आता त्याला दिसला. रक्त आईला दिलं होतं, त्यामुळे शास्त्रात हे बसत नाही हे त्याला ठाऊक होतं. पण आईचा चेहरा पाहून वाटलं, तिलाही तसंच वाटत असावं.

"मग वृत्तांतात 'घड्याळजींनी सेकंद दिला' कुणी लिहिलं?" मामांनी विचारलं.

"मी," सिस्टरबाई म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी. मी सभेला नव्हते. तुम्ही होतात, म्हणजे दिलाच असणार, असं धरून लिहिलं."

वकील उभे राहिले. ते म्हणाले की या हकिकतीवरून ठराव क्रमांक दोनशे सत्त्याण्णव अनुमोदनाअभावी नव्हे, तर सभेअभावीच रद्द ठरतो. तो मांडला गेला नाही, ऐकला गेला नाही आणि मंजूर करायला खोलीत कुणी नव्हतं. तो वृत्तांतातून काढून टाकावा. म्हणजे घड्याळजींनी दिलेले सगळे सेकंद पुरे भरतात, आणि अर्जातलं वाक्य खरं ठरतं. प्रांतपालबाईंनी मान हलवली आणि भाच्याला म्हणाल्या, काढा.

भाच्यानं पेन काढलं. त्या ओळीवर त्याचा हात जरा थांबला. सव्वीस वर्षं त्याला वाटत होतं की आपण एक ठराव आहोत, रीतसर मांडलेला, वाचलेला, मंजूर झालेला. आता दिसत होतं की त्याच्यासाठी कुणी काहीच ठरवलं नव्हतं. अकरा माणसं नुसती उठून गेली होती. त्यानं आडवी रेघ मारली, सरळ यावी म्हणून मामांची पट्टी घेतली, आणि मग दोन्ही हात जोडून त्या खोलीला नमस्कार केला. खोलीत त्या अकरांतले तिघेच उरले होते. औषधवाल्यांनी नाक शिंकरलं. बेकरीवाले कानानं अधू होते; त्यांनी काय झालं ते शेजाऱ्याला विचारलं. आणि वकील म्हणाले की आभाराचा विषय विषयपत्रिकेवर नाही.

मामा टेबलाशी आले. त्यांनी सवयीनं खिशातून भिंग काढलं, डोळ्याला लावलं आणि अर्ज अगदी पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. बराच वेळ लागला. कुणी घाई केली नाही. मधेच थांबून त्यांनी भाच्याला विचारलं, "इथे 'सभासदाचा व्यवसाय' म्हटलंय. घड्याळं, की सेकंद?"

"घड्याळं लिहा, मामा," भाचा म्हणाला. "सेकंदाचं इंग्रजी फार बरोबर येतं."

मामांनी 'घड्याळं' लिहिलं आणि खाली सही केली. मग भिंग काढून खोलीतल्या माणसांकडे एकेक करून पाहत राहिले.